गिऱ्हाइकाची शंका आणि अर्ध्या मिनिटाची जाहिरात



जळगाव जामोदच्या बाजारपेठेत आज कापडाच्या दुकानापासून कृषी सेवा केंद्रापर्यंत प्रत्येक दुकानदाराच्या खिशात कॅमेरा आहे आणि त्याच्या गिऱ्हाइकाच्या खिशात पडदा आहे. २०२० च्या जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली. त्याच वर्षी इन्स्टाग्रामचे रील्स आणि यूट्यूबचे शॉर्ट्स भारतात सुरू झाले, आणि चार-पाच वर्षांत अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ ही गावोगावची भाषा झाली. व्यापाऱ्यांनीही ती उचलली. पण त्यांचे व्हिडिओ पाहिले तर बहुतेकांचा साचा एकच दिसतो: दुकानाची पाटी, मागे चालू सिनेमाचे गाणे, मालाच्या थप्प्यांवरून भराभर फिरणारा कॅमेरा आणि शेवटी ‘एकदा अवश्य भेट द्या’. हा साचा मोठ्या कंपन्यांचा आहे. विविध भारतीवर व्यापारी जाहिराती १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवर लागू लागल्या, दूरदर्शनवर १ जानेवारी १९७६ पासून. तिथे वेळ सेकंदांच्या हिशेबाने विकत घ्यावी लागे आणि ज्याला तीच ओळ हजार वेळा ऐकवणे परवडे, त्याचे नाव लोकांच्या तोंडी बसे. त्या जाहिरातीचे काम नाव रुजवण्याचे होते. आपल्या दुकानदाराला हजार वेळा ऐकवणे परवडत नाही आणि त्याची गरजही नाही, कारण तालुक्यात त्याचे नाव बहुतेकांना ठाऊक असते. नाव ठाऊक असूनही माणूस दुकानात येत नाही, तो कुठल्यातरी शंकेमुळे. भाव नीट लावतील का, माल टिकेल का, बिघडला तर परत घेतील का, पंचवीस किलोमीटर येऊन हात हलवत परत जावे लागेल का? माझे म्हणणे एवढेच आहे की लहान व्यवसायाच्या छोट्या जाहिरातीने अशी एकच शंका हाती घ्यावी आणि ती डोळ्यांदेखत दूर करावी.

याचा पुरावा आपल्याच चित्रपटांच्या इतिहासात आहे. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणि तंत्र घेऊन परतले, तेव्हा त्यांच्याकडे भांडवल नव्हते. हिंदुस्थानात बसून कुणी चित्रपट काढू शकेल, यावर पैसेवाल्यांचा विश्वास नव्हता. फाळक्यांनी भाषण केले नाही, पत्रक काढले नाही. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज थोडे थोडे चित्रण केले. जेमतेम मिनिटभराची ती फीत, ‘अंकुराची वाढ’, त्यांनी निवडक लोकांना दाखवली. दाण्यातून कोंब फुटून वेल वर चढताना पाहिल्यावर यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे यांनी कर्ज देऊ केले. एका उद्योगासाठी केलेली मिनिटभराची ही जाहिरातच होती. तिच्यात फाळक्यांची स्तुती नव्हती, ‘या माणसाला हे जमेल का’ या एकाच प्रश्नाचे उत्तर होते. पुढे ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ ला मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागला. दोन आण्यांत सहा तासांचे नाटक पाहणाऱ्या प्रेक्षकाला तीन आण्यांचा हा आखूड खेळ महाग वाटे. तेव्हा सत्तावन्न हजार छायाचित्रे आणि दोन मैल लांबीचे चित्र तीन आण्यांत, अशी जाहिरात झाली. शंका अचूक पकडली होती आणि उत्तर प्रेक्षकाच्याच मापात दिले होते. पण या चित्रपटाची लांबी ३,७०० फूट नोंदलेली आहे, म्हणजे मैलभरही नाही. मला वाटाण्याची फीत श्रेष्ठ वाटते ती यासाठी की तिथे पाहणाऱ्याला कुणाच्या शब्दावर विसंबावे लागले नाही.

दुसरा दाखला शेतीचा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार केला, पण पहिला नांगर खपायला जवळजवळ दोन वर्षे गेली. लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नांगर मजबूत आहे, देशी आहे, स्वस्त आहे, हे कितीही सांगितले असते तरी उपयोग नव्हता, कारण शंका मजबुतीची नव्हतीच. लोखंडी नांगर चाललेल्या वावरात पीक जोमाने उभे राहते, हे दिसणे हाच त्यावरचा उपाय होता. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक सुरू केले, त्याचा पहिला हेतूही कारखान्याची माहिती गिऱ्हाइकापर्यंत नेण्याचाच होता. विक्रेत्याला आपल्या मालाचा जो गुण मोठा वाटतो आणि गिऱ्हाईक ज्यापाशी अडते, त्या दोन गोष्टी क्वचितच एक असतात.

आता आपल्या भागाकडे येऊ. सातपुड्याच्या पायथ्याशी संत्र्याच्या बागा आहेत आणि कलमे विकणाऱ्या रोपवाटिका आहेत. संत्र्याचे कलम घेणारा कास्तकार चार-पाच वर्षांनी फळ पाहतो. फसला तर पैशांबरोबर तेवढी वर्षेही जातात. त्याच्या मनात दोन ठोस शंका असतात: खुंट जंभेरीचा आहे की रंगपूर लाइमचा, आणि डोळा किती उंचीवर भरला आहे. डोळा मातीलगत असला तर डिंक्या रोग लवकर लागतो, म्हणून तो किमान वीतभर वर हवा. समजा, रोपवाटिकेने वीस सेकंदांचा व्हिडिओ केला. ओळीतले कुठलेही एक कलम उचलले, मातीपासून डोळ्याच्या जोडापर्यंत टेप धरला, आकडा जवळून दाखवला आणि म्हटले, ‘दादा, डोळा नऊ इंचांवर आहे, खुंट जंभेरीचा आहे, येऊन मोजून घ्या.’ गाणे नाही, फुगे नाहीत. हा व्हिडिओ पाहून पुण्यातला माणूस पुढे सरकेल, पण ज्याला पुढच्या पावसाळ्यात दोनशे कलमे लावायची आहेत तो थांबेल, पुन्हा पाहील आणि भावाला पाठवील. हीच रीत इतरांना लागू पडते. शिलाईवालीने ब्लाउजची आतली शिवण उलटून दाखवावी, गादीवाल्याने पोत्यातली सरकी काढलेली रुई, पाण्याचे जार पोचवणाऱ्याने आतून धुतला जाणारा जार. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात पाण्याची शंका किती खोल असते, हे इथल्या श्रोत्यांना सांगायला नको.

यावर पहिला आक्षेप असा येईल की माल चांगला असेल तर जाहिरात कशाला; शेगावच्या कचोरीने कुठे व्हिडिओ काढले होते? आक्षेपात तथ्य आहे, पण कचोरीमागे शेगावचे रेल्वे स्टेशन होते आणि गजानन महाराजांच्या दर्शनाला येणारी माणसे होती. खाणारा माणूसच पुढच्या स्टेशनवर तिची जाहिरात करी. जळगाव जामोदला रेल्वे नाही, आपली गाडी नांदुऱ्याला थांबते. जिथे अनोळखी माणूस आपसूक येत नाही, तिथे चांगला मालही दाखवावा लागतो. एक अडचण तर आपल्या नावातच आहे. व्हिडिओत नुसते ‘जळगाव’ म्हटले की पाहणारा खानदेशात पोचतो. ‘जामोद’ आणि ‘जिल्हा बुलढाणा’ हे शब्द तोंडाने उच्चारले पाहिजेत आणि पडद्यावर लिहिलेही पाहिजेत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: लोक करमणुकीसाठी मोबाइल पाहतात, कलमाचा डोळा मोजताना कोण पाहणार? याचे उत्तर आपल्या तालुक्यातच आहे. भेंडवळच्या घटमांडणीचे भाकीत ऐकायला दर अक्षय तृतीयेनंतरच्या पहाटे लोक जमतात आणि त्या दिवशी ते भाकीत महाराष्ट्रभर बातमी होते. ते शास्त्राला धरून नाही, याबद्दल माझ्या मनात संदेह नाही. पण लोक ऐकतात ते पाऊस, पीक आणि भाव या आपल्या सर्वांत मोठ्या शंकांचे उत्तर मिळेल या आशेने. तिथे नाच-गाण्याची गरज पडत नाही. शिवाय लाखभर लोकांनी पाहिलेला विनोदी व्हिडिओ आणि तालुक्यातल्या चारशे जणांनी पाहिलेला कामाचा व्हिडिओ यांत गल्ला दुसराच भरतो. सिनेमाची गाणी दुकानाच्या जाहिरातीला परवानगीशिवाय लावणे स्वामित्वहक्काच्या कायद्यातही बसत नाही.

तिसरा आक्षेप नैतिक आहे. दाखवूनही फसवता येते; निवडून ठेवलेले कलम मोजता येते, तेलाच्या घाण्यासमोर व्हिडिओपुरते चांगले शेंगदाणे ओतता येतात. खरे आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड ठेवला आहे, आणि हा कायदा गावातल्या दुकानालाही लागू होतो. पण कायद्याच्या आधी गाव आहे. कंपनीची जाहिरात पाहणारा कारखान्यात जाऊन तपासू शकत नाही, इथले गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी टेप घेऊन येते. म्हणून ‘येऊन मोजून घ्या’ हे वाक्य जाहिरातीचा प्राण आहे आणि ज्याला ते म्हणवत नाही त्याने व्हिडिओ करू नये. त्याच न्यायाने गिऱ्हाइकाचा चेहरा त्याला विचारल्याशिवाय दाखवू नये.

तंत्राबद्दल फार सांगण्यासारखे नाही. मोबाइल उभा धरावा, उजेड बोलणाऱ्याच्या किंवा मालाच्या पाठीमागून घेऊ नये. वारा वाहत असेल तर दुकानात येऊन बोलावे, कारण चित्र पुसट असले तरी लोक सोसतात, आवाज कळला नाही तर निघून जातात. पुष्कळ जण आवाज बंद ठेवून पाहतात, म्हणून मुख्य वाक्य ठळक मराठीत लिहावे. शंका पहिल्या दोन-तीन सेकंदांत यावी, मालकाचा नमस्कार नंतर. शॉर्ट्सची मर्यादा २०२४ मध्ये एका मिनिटावरून तीन मिनिटांवर गेली, म्हणून तीन मिनिटे बोलायचे असते असे नाही. आणि वऱ्हाडी येत असेल तर वऱ्हाडीतच बोलावे. टीव्हीवरच्या निवेदकाची भाषा ओढून आणली की ओळखीचा दुकानदारही परका वाटू लागतो.

तेव्हा व्यापारी बंधू-भगिनींना माझी विनंती आहे. उद्या दुकान उघडल्यावर गल्ल्याजवळ एक वही ठेवा. आठवडाभर गिऱ्हाईक काही घेण्याआधी काय विचारते आणि काही न घेता परत जाताना काय म्हणते, ते त्याच्याच शब्दांत लिहून काढा. जो प्रश्न सर्वांत जास्त वेळा येईल, त्याचा व्हिडिओ आधी करा.