परदेशी राहिलेले आपले वीर

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाला कोणी तरी दोन शब्द सांगावेत असा आपला रिवाज आहे. दरसाल बाहेरून कोणी विदुषी येतात. यंदा मात्र "आपल्यातलीच कोणी बोलू दे" असे ठरले आणि ते ओझे माझ्यावर आले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. हाताला सवय आहे ती पोळपाट-लाटण्याची, भाषणाची नाही. तेव्हा चुकले-माकले तर पदरात घ्यावे.

मी विषय घेतला आहे तो लढाईचा. समुद्रापार लढायला गेले, तिथेच पडले किंवा बेपत्ता झाले, अशा आपल्या शिपायांचा. हा विषय बायकांच्या मंडळात कशाला, असे कोणाच्या मनात येईल. पण थोडे ऐकून घ्या. बोलता बोलता तो आपल्या हळदीकुंकवाच्या तबकापर्यंत येतो.

प्रथम घरचेच सांगते. माझ्या आजीचे माहेर कळमनुरी तालुक्यातले. तिला एकच भाऊ, तिच्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. आम्ही मुले त्यांना फौजीबाबा म्हणत असू; पाहिले मात्र आमच्यापैकी कोणीच नव्हते. दुसऱ्या महायुद्धात ते मराठा पलटणीत भरती झाले. घरी न सांगताच गेले म्हणतात. लग्न होऊन दोन वर्षे झाली होती. पहिल्या वर्षी पत्रे आली, पैसेही आले. मग १९४४च्या पावसाळ्यात एक कागद आला. वाचायला गावात कोणी नव्हते, म्हणून तो तालुक्याला नेला. त्यात लिहिले होते, "बेपत्ता". पुढे आणखी कागद आले म्हणे; पण ते कोणी जपले नाहीत, आणि त्यांत काय होते ते बायकांना कोणी धड सांगितले नाही.

मेलेल्या माणसाचे दुःख मोठे खरेच. पण त्याला दहावा आहे, तेरावा आहे, वर्षश्राद्ध आहे. रडायलाही दिवस नेमून दिलेले आहेत. बेपत्ता माणसाला काय आहे? भावकीने बारा वर्षे वाट पाहिली आणि मग रीतीप्रमाणे पालाशविधी करायचा ठरवला. म्हणजे पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी द्यायचा. तेव्हा मामीआजी, म्हणजे फौजीबाबांच्या पत्नी, उंबऱ्यात आडव्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "पानांचा माणूस माझा नव्हे. माझा दाखवा, मग कुंकू पुसते." विधी झाला नाही. त्यांनी कुंकू लावले ते मरेपर्यंत.

पण गावाने काय केले? सवाष्णींत त्यांना बोलावले नाही आणि विधवांत बसवले नाही. संक्रांतीला बायका त्यांच्या दारावरून वाण घेऊन जात, आत वळत नसत. "बोलवावे तर अपशकुन, न बोलवावे तर पाप," असे म्हणत आणि पाऊल उचलत. मी तेव्हा परकरी होते. एकदा मामीआजींनी मला हळूच विचारले, "आज कोणाकडे होते गं हळदीकुंकू?" ते विचारणे अजून कानात आहे. आपल्या जिल्ह्याची हळद देशभर जाते, आणि त्या बाईच्या कपाळाला तिचे एक बोट लागले नाही.

आणि माझी आजी? भाऊबीजेला तिचे ताट तयार असायचे. सुपारी, अक्षता, निरांजन. ज्या बहिणीला भाऊ नाही ती चंद्राला ओवाळते हे तुम्ही जाणताच. बीजेची बारीक कोर दिसली की आजी अंगणात उभी राही आणि ओवाळी. पण ओवाळून झाले की म्हणे, "चांदोबा, तू काही माझा भाऊ नव्हेस. तुला तो दिसत असेल तर एवढे पोचते कर." असे तिने साठाहून अधिक वर्षे केले.

आता थोडे बाहेरचे सांगते. आपले हिंगोली पलटणींना अनोळखी नाही. निजामाच्या राज्यात हैदराबाद कंटिन्जंट नावाची फौज होती, तिची छावणी इथे असे. १९०३ साली ती फौज इंग्रजी सैन्यात मिसळली. दिल्लीला तीन मूर्ती म्हणून जागा आहे. त्या तिघांतला एक हैदराबाद संस्थानचा घोडेस्वार आहे, बाकीचे म्हैसूर आणि जोधपूरचे. पहिल्या महायुद्धात ते पॅलेस्टाइनकडे लढले. त्या युद्धात आपल्या देशातून दहा लाखांहून अधिक माणसे समुद्रापार गेली आणि सत्तर हजारांहून अधिक परत आली नाहीत. दुसऱ्या युद्धात सुमारे ८७ हजार.

महाराष्ट्रातली पुष्कळ माणसे इराकात गेली. तिथे कूत नावाचे गाव आहे. सहाव्या पुणे डिव्हिजनमधल्या १०३, ११० आणि ११७ ह्या मराठा पलटणी त्या गावी वेढ्यात सापडल्या. डिसेंबर १९१५ पासून वेढा. घोडे आणि खेचरे मारून खायची पाळी आली. २९ एप्रिल १९१६ रोजी सैन्य शरण गेले. पुढे कैदेत, उन्हातान्हात चालवत नेताना, कितीतरी वाटेतच पडले.

ह्या मृतांची आठवण राहावी म्हणून १९१७ साली इंग्रज सरकारने एक आयोग नेमला. आज त्याला राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग म्हणतात. १५०हून अधिक देशांत व प्रदेशांत तो समाध्या आणि स्मारके राखतो. त्याच्या नोंदीत १७ लाख माणसे आहेत. ज्याची समाधी आहे त्याच्या डोक्याशी शिळा. ज्याचा देह सापडला नाही त्याचे नाव मोठ्या भिंतीवर. आपल्या हिंदू आणि शीख शिपायांना अग्नी दिलेला, त्यांच्यासाठी वेगळी दहनस्मारके. इटलीत फोर्ली म्हणून गाव आहे, तिथल्या अशा स्मारकावर आठशेंच्या आसपास नावे आहेत. फ्रान्समध्ये न्यूव्ह-शापेल येथे १९२७ साली आपल्या सैनिकांसाठीच स्मारक उघडले. त्याच्या उंच खांबावर कमळ आहे, आणि भिंतीवर ४,७००हून अधिक नावे. हिंदूंच्या शिळांवर नागरी अक्षरांत "ॐ भगवते नमः" कोरलेले असते. हे वाचले तेव्हा मला भरून आले. परक्या मुलखात आपली अक्षरे!

पण खरे तेच सांगावे. सगळीकडे सारखा न्याय झाला नाही. बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. तिथे गोऱ्या शिपायाचे नाव दगडात कोरले. आपल्या अधिकाऱ्यांचीही नावे कोरली. पण आपल्या साध्या शिपायांच्या वाट्याला पलटणीचे नाव आणि मेलेल्यांचा आकडा एवढेच आले. कूतच्या वाटेवर मेलेला आपला गडी त्या भिंतीवर एक आकडा होऊन राहिला. २०२१ साली आयोगानेच चौकशी करून हा भेदभाव कबूल केला आणि माफी मागितली. एक लाखाहून जास्त मृतांची नावे कुठेच लागली नाहीत असेही त्या चौकशीत निघाले. शंभर वर्षांनी का होईना, चूक कबूल केली. पण त्या शिपायांच्या बायका तोवर गेल्या होत्या.

आता माझ्या मनाचे सांगते. मागे भाचीच्या बाळंतपणासाठी मी पुण्याला राहिले होते. एका सकाळी खडकीला होळकर पुलाजवळची युद्धसमाधी पाहायला गेले. दुसऱ्या महायुद्धात आपल्या देशात मेलेल्या, बहुतेक इंग्रज, सैनिकांच्या सोळाशेंहून जास्त समाध्या तिथे आहेत. पश्चिम आणि मध्य हिंदुस्थानातल्या विखुरलेल्या समाध्या तिथे आणून ठेवल्या. सारख्या उंचीच्या शिळा, मधे हिरवळ, ओळीने फुलझाडे. माळी वाकून तण काढत होता. शिळांवर वये वाचत गेले. एकोणीस, बावीस, एकवीस. काहींच्या पायथ्याशी घरच्यांनी लिहून पाठवलेली ओळ. त्यांपैकी किती आयांना तिथवर येता आले असेल? मी वेणीतले शेवंतीचे फूल काढून एका पोराच्या शिळेपाशी ठेवले. मनात म्हटले, बाई गं, तुझ्या लेकाला मी फूल वाहिले, आमच्या फौजीबाबांनाही तिकडे कोणी वाहो.

ही वेडी आशा नव्हती, हे मला नंतर कळले. आपल्या रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे इटलीत लढले. १० जुलै १९४४ रोजी तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला. बाकीचे सगळे पडले किंवा जखमी झाले. ते एकटे पुढे धावले, हातबॉम्ब टाकून ती तोफ बंद पाडली, गोळ्या संपल्यावर बंदुकीच्या दस्त्याने लढले आणि जिंकलेल्या त्याच जागी प्राण सोडला. वय अवघे बावीस. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो त्यांच्या पत्नीच्या हाती आला. देहाची समाधी नाही. नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. आणि २२ जुलै २०२३ रोजी इटलीतल्या मोन्तोने गावच्या लोकांनी त्यांच्या नावाने सूर्यघड्याळ उभारले. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे शब्द त्यावर आहेत. ऐंशी वर्षांनी परक्या गावाने मराठी पोराची आठवण ठेवली!

ती बातमी वाचून माझ्या मुलाने मोबाईलवर आयोगाची नोंदवही उघडली. आजोळच्या एका जुन्या ट्रंकेत फौजीबाबांचा पलटणीचा नंबर सापडला होता. नाव इंग्रजीत वेडेवाकडे, गावाचे नाव तर ओळखू येऊ नये असे. पण नंबर जुळला, बापाचे नाव जुळले, परभणी हा शब्द होता. आपला जिल्हा १९९९पर्यंत परभणीतच होता ना. कॅसिनोच्याच भिंतीवर त्यांचे नाव आहे. आणि पुढे लिहिले होते, अमुकीचा पती. मामीआजींचे नाव! मुलगा वाचत होता आणि मी भिंतीला धरून खाली बसले. ज्या बाईला गावाने कुठल्याच ओळीत बसवले नाही, तिचे नाव साता समुद्रापार नवऱ्याच्या नावाशेजारी लिहिलेले होते. ते तिला कोणी वाचून दाखवले नाही. ती गेली त्याला तीस वर्षे झाली.

म्हणून भगिनींनो, मी हा विषय घेतला. स्मारक दगडाचे असते, ते सरकार बांधते. पण आठवण घरात ठेवावी लागते, आणि ते काम बायकांचे आहे. आपल्या गावोगावच्या देवळांपाशी वीरगळ आहेत. लढून पडलेल्याचा दगड उभा करून त्याला शेंदूर लावणारी ही माती आहे. पितृपंधरवड्यात शस्त्राने मेलेल्यांसाठी घातचतुर्दशी आपल्याच पूर्वजांनी नेमून ठेवली. रीत आहे, आपण नावे तेवढी विसरलो.

माझ्या तीन सूचना आहेत. एक, मंडळाने एक वही घालावी. प्रत्येकीने सासर-माहेरच्या म्हाताऱ्यांना विचारून, कोण लढाईवर गेले, कोण परतले नाही, ते लिहावे. जुना कागद, पदक, पलटणीचा नंबर, काय असेल ते जपावे. शोधायला तोच कामी येतो. नाव इंग्रजीत चार तऱ्हांनी लिहून पाहावे लागते, कंटाळू नये. सैनिक कल्याण कार्यालयातही विचारावे. दोन, घातचतुर्दशीला मंडळात एक समई लावून ती नावे मोठ्याने वाचावीत. जातपात, धर्म न पाहता.

तिसरी सूचना जरा अवघड आहे. १९६५ आणि १९७१च्या युद्धांत बेपत्ता झालेल्या चौपन्न जणांच्या घरची माणसे वर्षानुवर्षे वाट पाहत राहिली. म्हणजे मामीआजी ही जुनी गोष्ट नव्हे. २०२२ साली कोल्हापूरकडच्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव करून विधवांचे कुंकू पुसण्याची, बांगड्या फोडण्याची चाल बंद केली. आपण ठराव नको करूया. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला फक्त प्रत्येक दारात वळूया. कोणाचा नवरा आहे, कोणाचा गेला, कोणाचा कळला नाही, हे न विचारता.

आजी गेली तेव्हा ताट माझ्याकडे आले. गेल्या भाऊबीजेला मी अंगणात चंद्राला ओवाळले आणि पहिल्यांदाच पत्ता सांगितला. म्हटले, "चांदोबा, इटली, कॅसिनो. आजीचा निरोप आहे."