ऊतकांतील प्रोटीएजे : आरोग्य आणि रोग

तंजावूरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात दुसऱ्या सरफोजीराजांच्या (कारकीर्द १७९८ ते १८३२) काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदी जतन केलेल्या आहेत. त्यांत रोगाचे वर्णन व उपचार यांबरोबर डोळ्यांची चित्रेही आढळतात. नुसत्या दृष्टीला दिसे तेवढेच त्या काळी टिपून ठेवता येई. त्यामागील रासायनिक घडामोडी कळण्यास आणखी शतकाहून अधिक काळ जावा लागला.

या घडामोडींत प्रोटीएजांना, म्हणजे प्रथिनांचे विघटन करणाऱ्या एंझाइमांना, मोठे स्थान आहे. अन्न पचविणारे पेप्सिन व ट्रिप्सिन सर्वपरिचित आहेत. परंतु अशी एंझाइमे शरीराच्या सर्वच ऊतकांत असतात. जीर्ण प्रथिने मोडणे, जखमेतील मृत भाग दूर करणे, रक्त गोठविणे आणि झालेली गुठळी विरघळविणे ही कामे त्यांच्यावाचून होत नाहीत. बेडकाचे पिल्लू वाढताना त्याची शेपटी नाहीशी होते. या शेपटीच्या ऊतकातच जेरोम ग्रॉस व चार्ल्स लापिएर यांना १९६२ साली कोलॅजेन तोडणारे एंझाइम आढळले.

मोडणारी शक्ती अंगात बाळगायची, तर तिला आवर घालणारी शक्तीही हवी. म्हणून पुष्कळ प्रोटीएजे निष्क्रिय रूपात तयार होतात, आणि रक्तात व ऊतकांत त्यांचे निरोधकही असतात. आल्फा-१ अँटिट्रिप्सिन हा असाच एक निरोधक होय. त्याची जन्मजात उणीव असल्यास फुप्फुसातील लवचिक तंतू नष्ट होऊन वातस्फीती हा रोग जडू शकतो, हे १९६३ साली स्वीडनमधील लॉरेल व एरिक्सन यांच्या निरीक्षणांतून पुढे आले. धूम्रपानाने ही हानी अधिक वेगाने होते.

हा तोल बिघडल्याचे उदाहरण तंजावूरच्या भातशेतीतही सापडेल. कापणी वा मळणी करताना भाताचे पाते किंवा कूस डोळ्याला लागते. बुबुळावरील पारदर्शक स्वच्छमंडल अवघे अर्धा मिलिमीटर जाड असून ते मुख्यतः कोलॅजेनाच्या तंतूंचे बनलेले असते. त्यावर ओरखडा उठला, की बुरशीला आत शिरण्यास वाट मिळते. तिच्याशी झुंजण्यासाठी श्वेतपेशी धावून येतात आणि आपली प्रोटीएजे तेथे सोडतात. बुरशीच्या व रुग्णाच्या स्वतःच्या एंझाइमांनी मिळून स्वच्छमंडल विरघळू लागते. प्रसंगी त्यास छिद्र पडून दृष्टी जाते. रक्षणासाठी आलेले शस्त्र असे घरावरच चालते.

यातील मेटॅलोप्रोटीएजे या गटाच्या कार्यास जस्ताची आवश्यकता असते. डॉक्सिसायक्लीन हे प्रतिजैविक जस्ताला बांधून त्यांस आवर घालते, म्हणून काही रुग्णांत ते पूरक औषध म्हणून दिले जाते. तथापि मुख्य उपचार बुरशीविरोधी औषधांचाच होय. शेतात डोळ्याला इजा झाल्यावर दुकानातून परस्पर आणलेले स्टेरॉइडयुक्त थेंब घातले, तर लाली ओसरल्यासारखी वाटते; आत मात्र बुरशी फोफावते. अशा वेळी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जाणे हाच दृष्टी वाचविण्याचा मार्ग आहे.

प्रोटीएजे स्वभावतः हितकारक नाहीत, की घातकही नाहीत. योग्य स्थळी, योग्य वेळी व योग्य प्रमाणात ती कार्य करतात तोवर आरोग्य टिकते; ही मर्यादा सुटली, की रोगाचा प्रारंभ होतो.