जामिनावर सुटल्यानंतर



तरुण मुलींची छायाचित्रे हस्तगत करून त्यांच्या धाकावर त्यांचा छळ मांडल्याचे १९९४ सालचे जळगावचे प्रकरण ज्यांच्या स्मरणात आहे, त्यांना हेही खचित आठवत असेल की, मीरां बोरवणकर यांच्यासारख्या कर्तबगार अधिकाऱ्याकडे तपास असूनही साक्षीला उभ्या राहणाऱ्या कुटुंबांची वानवा पडली आणि अनेक आरोपी निर्दोष सुटले. साक्षीला न आलेल्या कुटुंबांना भित्री म्हणणे सोपे आहे. मी म्हणणार नाही. फिर्याद देऊन घरी परतलेल्या बापाच्या पाठीशी उभी राहील अशी तजवीज सरकारदरबारी तेव्हा नव्हती, आणि कायद्यांची नावे बदलली तरी आजही ती अपुरीच आहे.

स्त्रियांविरुद्धच्या अपराधांचे कायदे तपासणाऱ्या न्यायमूर्ती वर्मा समितीच्या अहवालानंतर २०१३ साली स्त्रीचा पाठलाग हा स्वतंत्र अपराध ठरला. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमात आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, परंतु पहिला अपराध जामीनपात्र! सकाळी ठाण्यात नेलेला इसम दिवेलागणीपूर्वी त्याच गल्लीच्या तोंडाशी उभा राहू शकतो. आणि मग मुलीचे कॉलेज बंद होते, तिची मामाच्या गावी रवानगी होते, नाहीतर आलेल्या पहिल्याच स्थळाला घाईने होकार जातो. नजरकैद फिर्यादीला, मोकळीक आरोपीला. शिवाय स्त्रियांविरुद्धच्या ज्या अपराधांची खबर न नोंदविणाऱ्या अंमलदाराला त्याच २०१३ च्या दुरुस्तीने शिक्षा ठेवली, त्यांच्या यादीत पाठलागाचे कलमच नाही.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविषयक कायद्यान्वये दंडाधिकारी संरक्षणाचा हुकूम देऊ शकतो आणि त्या हुकुमाचा भंग हाच अपराध होतो; पण छळणारा परका असेल तर हे दार बंद. १९५१ च्या पोलीस कायद्यातील तडीपारी आहे खरी. तथापि नोटिसा, चौकशी आणि अपील यांतून ती बाहेर पडेपर्यंत त्या घराने दिवस कसे कंठावेत? जपानात ओकेगावा येथे पोलिसांकडे खेटे घालणाऱ्या कुटुंबातील विद्यार्थिनीचा १९९९ साली खून झाला, आणि पुढच्याच वर्षी तेथे पाठलाग करणाऱ्यास ताकीद व मनाई देण्याचा कायदा झाला. आपल्याकडे १९९० साली उल्हासनगरला परीक्षेच्या वर्गात विद्यार्थिनी जाळली गेली, २०२० साली हिंगणघाटला भररस्त्यात प्राध्यापिका. त्यानंतर २०२१ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने संमत केलेले, स्त्रियांवरील अत्याचारांविरुद्धचे शक्ती विधेयक अंमलात आलेच नाही.

तेव्हा श्रोतेहो, जळगावात असो वा धुळ्यात, असे कुटुंब ठाण्याची पायरी चढेल तेव्हा शेजाऱ्यांनी साक्षीदार म्हणून आपले नाव लिहून द्यावे. खबरीची नक्कल विनामूल्य मिळण्याचा हक्क आहे, ती मागून घ्यावी. नोंद नाकारल्यास पोलीस अधीक्षकांकडे टपालाने लेखी अर्ज धाडावा. आणि परक्या माणसाविरुद्ध तातडीचा मनाई हुकूम काढण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्याला केव्हा मिळणार, हा प्रश्न आपापल्या आमदारास नि खासदारास अवश्य विचारावा.