नकाशातील न मोजलेल्या जागा आणि मुक्त संगणकप्रणाली



अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने भूसांख्यिकीवर बोलावे, याचे काहींना नवल वाटले असेल. अनुदान, पीकविमा, दुष्काळी मदत यांविषयीचे पुष्कळ निर्णय नकाशे आणि कोष्टके पाहून घेतले जातात. पण त्या नकाशांवरील बहुतेक जागी कोणीही काहीही मोजलेले नसते. थोड्या ठिकाणी मोजमाप करायचे आणि मधल्या जागांची मूल्ये गणिताने भरून काढायची, अशी ही रीत आहे. या भरून काढण्यास अवकाशीय अंतर्वेशन म्हणतात. ते चुकले तर त्याची किंमत कोणीतरी मोजतोच.

19 फेब्रुवारी 2015 रोजी राजस्थानातील सुरतगढ येथे सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेचे उदाहरण घ्या. योजनेच्या सुरुवातीच्या निकषांनुसार बागायती क्षेत्रात 2.5 हेक्टरच्या चौकटीमागे एक आणि जिरायती क्षेत्रात 10 हेक्टरच्या चौकटीमागे एक नमुना घ्यायचा होता. त्या चौकटीतील सर्व शेतकऱ्यांच्या पत्रिकेवर त्याच नमुन्याचे निष्कर्ष येत. चौकटीतील जमीन एकसारखी आहे असे येथे गृहीत धरले होते. हेही अंतर्वेशनच, फक्त अगदी साधे.

पावसाचे उदाहरण अधिक बोलके आहे. भारतीय हवामानशास्त्र विभागाने 2014 मध्ये मांडलेल्या दैनंदिन पर्जन्यमानाच्या जाळीसाठी 6,955 केंद्रांच्या नोंदी वापरल्या आणि 1901 पासूनची आकडेवारी 0.25 अंशाच्या चौकटींत बसवली. पद्धत शेपर्ड यांची होती. तिच्यात जवळच्या केंद्राला अधिक भार आणि दूरच्याला कमी भार दिला जातो. आपल्या अक्षांशांत अशा एका चौकटीची बाजू सुमारे 27 किलोमीटर भरते. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि घाट उतरून वाईला यावे तर तो हजाराच्याही आत. ही दोन्ही गावे एवढ्याच अंतरात सामावतात. देशपातळीवरील अभ्यासासाठी ही जाळी मोलाची आहे, यात शंका नाही. मात्र तिच्यातील एक आकडा उचलून एखाद्या गावचा पाऊस म्हणून वापरणे धोक्याचे आहे.

अंदाज किती विश्वासार्ह आहे हे अंदाजासोबतच सांगता येईल काय? या प्रश्नाचे उत्तर खाणींतून आले. दक्षिण आफ्रिकेतील खाण अभियंता डॅनी क्रिग यांनी 1951 मध्ये सोन्याच्या साठ्यांचे अनुमान सुधारण्याची रीत मांडली. पुढे फ्रान्समधील जॉर्ज माथेरों यांनी तिला गणिती बैठक दिली आणि क्रिग यांच्याच नावावरून ती क्रिगिंग म्हणून ओळखली जाऊ लागली. अंतर वाढते तसा दोन ठिकाणच्या मूल्यांतील फरक कसा वाढतो, हे येथे आधी आकडेवारीवरूनच ताडून पाहतात. त्या आलेखाला व्हेरिओग्राम म्हणतात. भार त्यावरून ठरतात आणि प्रत्येक अंदाजासोबत त्याच्या त्रुटीचे प्रचरणही मिळते. येथे एक सावधगिरी हवी. हे प्रचरण नमुन्यांची मांडणी आणि निवडलेला व्हेरिओग्राम यांवर ठरते. व्हेरिओग्रामच चुकीचा निवडला तर त्रुटीचा आकडाही फसवा निघतो. म्हणून गणिताची प्रत्येक पायरी तपासता आली पाहिजे. मुक्त स्रोताचा प्रश्न उपस्थित होतो तो येथेच.

माझ्या डॉक्टरेटच्या काळात मी एका महागड्या व्यापारी संगणकप्रणालीवर पर्जन्यमानाचे नकाशे काढले होते. आत कोणता व्हेरिओग्राम आपोआप निवडला गेला, हे मला ठाऊक नव्हते आणि मी विचारलेही नाही. काही वर्षांनी एका परीक्षकाने विचारले तेव्हा परवाना संपलेला होता. माझे स्वतःचे निष्कर्ष मलाच पुन्हा काढून दाखवता आले नाहीत.

त्याच सुमारास नेदरलँड्समध्ये एड्झर पेबेस्मा 'जीस्टॅट' ही मुक्त प्रणाली घडवत होते. वेसेलिंग यांच्यासह लिहिलेला तिचा परिचयलेख 1998 मध्ये आला. पुढे न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या 'आर' या मुक्त सांख्यिकी भाषेत तिचा समावेश झाला आणि 2004 मध्ये त्या रूपाचे वर्णन प्रसिद्ध झाले. नंतर स्थळासोबत काळाचाही विचार करणारे क्रिगिंग तिच्यात आले. मूळ आज्ञावली कोणीही वाचावी, दुरुस्त करावी, वाटावी.

अर्थशास्त्राच्या भाषेत ही सार्वजनिक वस्तू आहे: एकाने वापरल्याने दुसऱ्याला कमी पडत नाही आणि कोणाला वगळले जात नाही. पाठ्यपुस्तक पुढे सांगते की अशा वस्तूंत फुकट लाभ घेणारे वाढतात आणि देखभालीचा भार थोड्यांवर पडतो. नेमके तसेच घडले. 'आर'मध्ये नकाशांची माहिती हाताळणारी 'आरजीडाल', 'आरजिओस' आणि 'मॅपटूल्स' ही तीन पॅकेजेस ऑक्टोबर 2023 मध्ये वापरातून काढण्यात आली. त्यांची देखभाल करणारे रॉजर बिव्हंड निवृत्त झाले होते. त्यांच्या कामावर इतर शेकडो पॅकेजेस अवलंबून होती. पूर्वसूचना बऱ्याच आधी दिली गेली, 'एसएफ' आणि 'टेरा' हे पर्याय तयार होते, म्हणून अनर्थ टळला. 'एसएफ'च्या उभारणीस 2016 मध्ये आर कन्सॉर्टियमने आर्थिक साहाय्य दिले होते, हेही ध्यानात घ्या. बिव्हंड अध्यापन करीत ते नॉर्वेच्या एका अर्थशास्त्राच्या विद्यापीठात, ही गोष्ट मला सांगावीशी वाटते.

भारत सरकारने 2015 मध्ये शासकीय कामकाजात मुक्त स्रोत प्रणाली स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. मुंबईच्या आयआयटीतील 'फॉसी' प्रकल्प केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या साहाय्याने अशा साधनांचा प्रसार करतो. डिसेंबर 2022 मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरणही अधिसूचित झाले. तथापि मुक्त प्रणाली म्हणजे बिनखर्चाची प्रणाली, असा समज मला अनेक बैठकांत आढळला. परवान्याचे पैसे वाचतात हे खरे. त्या बचतीचा काही अंश ती आज्ञावली जिवंत ठेवणाऱ्या माणसांवर खर्च व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आपले सांख्यिकीचे पदवीधर केवळ वापरकर्ते का राहावेत? दुरुस्त्या त्यांनीही पाठवाव्यात.

ज्यांना हात घालून पाहायचे आहे त्यांच्यासाठी एक अभ्यास. 'आर'मध्ये म्यूज नदीच्या पूरमैदानातील मातीच्या 155 नमुन्यांची नोंद सर्वांना खुली आहे. पुराबरोबर आलेल्या गाळामुळे तेथे जस्ताचे प्रमाण दर दशलक्ष भागांत 113 पासून 1,839 पर्यंत आढळते. नदीकाठी ते अधिक आहे. लॉगॅरिदम घेऊन व्हेरिओग्राम काढला तर सुमारे 900 मीटरपर्यंतच दोन नमुने एकमेकांविषयी काही सांगतात असे दिसेल. आता कोणतेही 20 नमुने बाजूला ठेवा, उरलेल्या 135 वरून त्या जागांचे अंदाज काढा आणि प्रत्यक्ष मूल्ये प्रणालीने सांगितलेल्या त्रुटीच्या मर्यादेत किती वेळा बसतात ते मोजा. मग 20 ऐवजी 60 नमुने बाजूला ठेवून तेच पुन्हा करा.