पुढचा भाग कधी?



दुपारी तुमच्या सरांनी मला कॉलेज फिरवून दाखवलं. ग्रंथालयाबाहेरच्या भित्तिपत्रकापाशी मी जरा जास्तच रेंगाळले. तिथे एका कोपऱ्यात वहीच्या कागदावर निळ्या बॉलपेननं काढलेल्या चार चौकटी आहेत. स्टँडवर एस्टीची वाट बघणाऱ्या दोघी मैत्रिणी. पहिली विचारते, "गाडी खंय इली गो?" दुसरी म्हणते, "अजून येवक नाय." तिसऱ्या चौकटीत दोघी गप्प आहेत आणि मागे एक कुत्रा जांभई देतोय. चौथ्या चौकटीत गाडी येते. तिच्या पाटीवर लिहिलंय, 'चंद्र, मार्गे कसाल'. आणि खाली 'क्रमशः'.

काढणाऱ्याचं नाव नाही. पुढचा भाग कुठे आहे असं विचारलं, तर कुणालाच सांगता आलं नाही. गणपतीच्या सुट्टीपासून तो कागद तिथेच आहे म्हणे. त्या दोघी गाडीत चढल्या का, हे मला खरोखर जाणून घ्यायचंय. हे ज्यानं किंवा जिनं काढलं ती व्यक्ती आत्ता या मंडपात आहे. आजचं माझं भाषण तिच्यासाठी आणि तिच्यासारख्यांसाठी आहे. मी कॉमिक काढून जगणारी बाई आहे, म्हणून तेवढ्यापुरतंच बोलेन: स्वतःचं वेबकॉमिक सुरू कसं करायचं आणि सुरू झालेलं चालू कसं ठेवायचं.

"मला चित्र कुठे काढता येतं?" हा पहिला अडथळा. रँडल मन्रो नावाचा भौतिकशास्त्र शिकलेला एक अमेरिकन मुलगा नासासाठी काम करत होता. २००५ साली त्यानं आपल्या जुन्या वह्यांतली रेघोट्यांची चित्रं स्कॅन करून इंटरनेटवर टाकायला सुरुवात केली. ती 'एक्सकेसीडी' ही मालिका. त्यातल्या माणसांना चेहरासुद्धा नाही, डोकं म्हणजे गोल आणि अंग म्हणजे काड्या. ती आजही चालू आहे आणि जगभरचे शास्त्रज्ञ ती वाचतात, कारण त्या काड्यांच्या माणसांना सांगण्यासारखं काहीतरी असतं. जपानमध्ये 'वन' या टोपणनावानं काढणाऱ्या कलावंतानं २००९ साली 'वन-पंच मॅन' वेबवर सुरू केलं. चित्रं अगदी ओबडधोबड होती. पण त्या कथेनं युसुके मुराता या कसलेल्या चित्रकाराला असं धरलं, की २०१२ पासून तो स्वतः तीच कथा नव्यानं काढू लागला. तुमची रेघ काढता काढता सुधारते, आणि ती लोकांसमोर सुधारण्यात काहीही कमीपणा नाही.

दुसरा अडथळा याच्या उलटा आहे, आणि माझ्या मते जास्त घातक. पहिल्याच दिवशी महाकाव्य काढायला बसणं. सात राज्यं, बारा योद्धे, त्यांच्या वंशावळी, नकाशे. वर्षभर वहीत तयारी चालते, मग तीन पानं होतात आणि चौथं कधीच होत नाही. तुमच्यापैकी निदान दहाजणांच्या कपाटात अशी वही असणार. ती फेकू नका, पण पहिलं कॉमिक तिच्यातून काढू नका. पहिली पाच वर्षं मोठ्या स्वप्नाला चारू नका. आधी चार चौकटींत संपणारी गोष्ट सांगायला शिका. आपल्याकडे 'चिंटू' आहे ना? चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी १९९१ मध्ये 'सकाळ'मध्ये तो आणला. पप्पू, मिनी, बगळ्या, जोशीकाकू अशी ओळखीची माणसं, एक गल्ली, आणि रोजचा भाग त्या दिवशीच पूर्ण. मंगळवारचा चुकला तरी बुधवारचा समजतो. इतक्या लहान जागेत एक अख्खी पिढी राहून गेली. शिवाय तो दोघांनी मिळून उभा केलेला होता, हेही लक्षात घ्या. तुम्हाला सुचतं पण काढता येत नाही, आणि शेजारच्या बाकावरच्याला काढता येतं पण सुचत नाही, तर एकत्र बसा. फक्त एका कागदावर लिहून ठेवा की हे पात्र दोघांचं आहे. मैत्री टिकवायला तो कागद फार उपयोगी पडतो.

आता थोडं फोनविषयी बोलते, कारण तुमचा वाचक तुम्हाला फोनवरच वाचणार आहे. कोरियात नेव्हर या कंपनीनं २००४ पासून वेबटून हा कॉमिकचा प्रकार रुजवला. त्यात पान उलटायचं नसतं, अंगठ्यानं वर सरकवत जायचं असतं. स्कॉट मक्लाउड या अमेरिकन कॉमिककारानं त्याआधीच, २००० साली, लिहून ठेवलं होतं की संगणकाचा पडदा म्हणजे कागदाचं पान नव्हे, ती एक खिडकी आहे आणि तिच्यामागचा कागद हवा तेवढा लांब असू शकतो. हे सगळं फार आधुनिक वाटतं. पण मी कुडाळमध्ये उभी आहे आणि इथून हाकेच्या अंतरावर पिंगुळी आहे. तिथला ठाकर समाज कित्येक पिढ्या चित्रकथी सांगत आला आहे. सुट्या कागदांवर रामायण-महाभारतातले प्रसंग रंगवलेले असतात, त्या सगळ्या कागदांच्या संचाला पोथी म्हणतात. सांगणारा एक चित्र समोर धरतो, गातो, बोलतो, आणि मग ते बाजूला करून पुढचं काढतो. एका वेळी एकच चित्र दिसतं. पुढचं काय आहे ते प्रेक्षकाला माहीत नसतं, आणि कधी दाखवायचं ते सांगणाऱ्याच्या हातात असतं. वेबटूनचं मर्म नेमकं हेच आहे. ती कला जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांनी आपल्या गुरांच्या गोठ्याचं संग्रहालय केलं. तुमच्यापैकी किती जण ते बघून आलेत?

हात फार वर आले नाहीत. त्याकडे शेवटी येते.

फोनवर दोन चौकटींमधली रिकामी जागा म्हणजे वेळ. जागा कमी ठेवली की वेग येतो, जास्त ठेवली की वाचक थांबतो. भित्तिपत्रकावरची ती गोष्ट घ्या. कागदावर चारही चौकटी एकदम दिसतात, त्यामुळे चंद्राची पाटी डोळा आधीच टिपतो. तीच गोष्ट फोनवर सांगायची झाली, तर कुत्र्याच्या जांभईनंतर मी एक लांबच लांब कोरी पट्टी सोडेन. अंगठा सरकतोय, सरकतोय, गाडी काही येत नाही. वाट बघण्याचा कंटाळा वाचकाच्या अंगठ्यात उतरला पाहिजे. मग गाडी. 'आवाज'च्या दिवाळी अंकातली खिडकीचित्रं आजोबांना विचारा. खिडकीतून एक दिसायचं आणि पान उलटलं की भलतंच निघायचं. लपवणं आणि दाखवणं, कॉमिकची निम्मी कला यातच आहे.

उरलेली निम्मी अक्षरांत आहे, आणि मराठीत काढणारे नवखे सगळ्यात जास्त इथे अडखळतात. आधी चित्र पूर्ण करतात, मग उरलेल्या जागेत संवाद कोंबतात. उलट करा. चौकट आखली की प्रथम संवाद लिहा, त्याच्याभोवती फुगा काढा, आणि मग माणसं उभी करा. जो आधी बोलतो त्याला डावीकडे ठेवा, नाहीतर फुग्यांच्या शेपट्या एकमेकींना ओलांडतात. इंग्रजी कॉमिकमधली अक्षरं बहुतेक मोठ्या लिपीतली, एका उंचीची असतात, म्हणून ती दाट बसवता येतात. आपल्या शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. ओळी जवळ आणल्या की वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीवर आदळतो. दोन ओळींत भरपूर जागा सोडा आणि एका फुग्यात दोन-तीन छोट्या ओळींपेक्षा जास्त लिहू नका. हातानं लिहिणार असाल तर पेन्सिलीनं ओळी आखून घ्या. टाइप करणार असाल तर चित्र काढायच्या ज्या ॲपमध्ये काम करता त्यात आधी 'वाऱ्यावर' आणि 'किर्र' हे दोन शब्द टाइप करून बघा. जोडाक्षर तुटलं किंवा वेलांटी भलत्या बाजूला गेली, तर त्या ॲपमध्ये मराठी लिहू नका. मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळींनी केलेले 'बलू' आणि 'मुक्त' हे फॉन्ट मोफत मिळतात, दोन्ही चांगले आहेत. मराठी कॉमिक गचाळ दिसतं असं जेव्हा लोक म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा दोष चित्राचा नसतो, अक्षरांचा असतो. आपल्या लिपीवर इतकं प्रेम आपण करायलाच हवं.

महागडा टॅब्लेट लागत नाही. कोरा कागद, काळं पेन, खिडकीपाशी उजेडात काढलेला फोटो, एवढ्यावर पहिलं वर्ष सहज निघतं. 'क्रिता' ही संगणकावरची प्रणाली मोफत आहे. हल्ली एआयला सांगितलं की चित्र तयार मिळतं, तर हातानं कशाला काढायचं, असं मुलं मला विचारतात. चित्र मिळेल. पण तो कुत्रा नेमका तिसऱ्या चौकटीत का जांभई देतो, हे काढता काढताच सुचतं. ते शिकण्याची संधी मी कुणालाही माझ्या हातातून घेऊ देणार नाही, आणि तुम्हीही देऊ नका.

आता 'क्रमशः'चा प्रश्न. मालिका बंद पडते ती बहुधा कल्पना संपल्यामुळे नाही. ती गणपतीत बंद पडते, परीक्षेत पडते, जूनमध्ये चार दिवस वीज गेली की पडते. एक आठवडा चुकतो, मग लाज वाटते, आणि लाजेपोटी दुसरा चुकतो. यावर उपाय एकच: शिल्लक. आपल्या घरांत आगोटीच्या आधी जशी बेगमी करतात, तशी भागांची बेगमी करा. पहिला भाग लोकांना दाखवण्याआधी निदान आठ-दहा भाग तयार हवेत. आठवड्याला एकच द्या. रोज देण्याची घोषणा उत्साहात करायची नसते. वार ठरवा आणि तो पाळा. शिल्लक दोनवर आली की नवीन काही सुचो न सुचो, काढायला बसा. परीक्षा असेल तर सरळ जाहीर करा की अमुक तारखेला परत येतो, आणि त्या तारखेला परत या. हॉवर्ड टेलर या अमेरिकन माणसानं 'श्लॉक मर्सनरी' ही मालिका जून २००० मध्ये सुरू केली तेव्हा तो सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करत होता. जुलै २०२० पर्यंत, वीस वर्षं, तो रोज भाग देत राहिला, आणि मग कथा पूर्ण करून थांबला. त्याचे पहिले भाग आणि शेवटचे भाग शेजारी ठेवून बघा. चित्रकलेचा तो एक अख्खा अभ्यासक्रम आहे.

वाचक सुरुवातीला थोडे असतील. वर्गातले, घरातले, एखादी मुंबईची मावशी. त्यांना कमी लेखू नका. रोहन चक्रवर्ती नागपूरचे, शिक्षण दंतवैद्यकाचं. २०१० साली त्यांनी 'ग्रीन ह्यूमर' सुरू केलं, फक्त प्राणी, पक्षी, जंगल आणि त्यांचे प्रश्न यांवर. अशा विषयाला कोण वाचणार, असं कुणालाही वाटलं असतं. आज त्यांची चित्रं वृत्तपत्रांत आणि पुस्तकांत आहेत. जो विषय तुम्हाला आतून माहीत आहे तो घ्या: आंब्याची कलमं, रापण, दशावतारातला रंगपट, कोकण रेल्वेतली रात्र. आणि तुमच्या भाषेत घ्या. मालवणी कोण वाचणार अशी शंका ज्याला येते, त्यानं आठवावं की गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' हे नाटक मच्छिंद्र कांबळींनी मालवणीतूनच लंडनपर्यंत नेलं.

पैशाबद्दल खरं सांगते. पहिली काही वर्षं पैसे मिळत नाहीत. पण जे तुम्ही काढलं ते काढल्या क्षणापासून तुमचं आहे. १९५७ च्या आपल्या कायद्यानुसार त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही, आणि हा हक्क तुमच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षं राहतो. म्हणून कुठलाही करार किंवा ॲपच्या अटी न वाचता पात्राचे हक्क देऊन टाकू नका. दुसऱ्याचं पात्र उचलून आपलं म्हणू नका, हेही त्याच कायद्याचं दुसरं अंग.

आता बक्षिसांची वेळ झाली आहे, तेव्हा एवढंच सांगते. उद्या सकाळी मी पिंगुळीला चित्रकथी बघायला जाणार आहे. प्राचार्यांना विचारलंय, त्यांची परवानगी आहे. ज्यांना यायचंय त्यांनी नऊ वाजता कॉलेजच्या फाटकापाशी यावं, बरोबर वही आणि पेन असावं. दुपारी परत येऊन इथल्याच चित्रकलेच्या वर्गात आपण प्रत्येकी चार चौकटी काढायला बसू. आणि 'चंद्र, मार्गे कसाल' काढणाऱ्यानं आठ भागांची यादी लिहून आणावी, मला त्या गाडीत बसायचंय.