हवेच्या जमाखर्चात आपले खाते

(लकडगंज, नागपूर येथील जिल्हा बैठकीतील भाषण)



आपण लकडगंजात बसलो आहोत. बाहेर आरामशिनी आहेत, लाकडाच्या थप्प्या आहेत. आजचा विषय या थप्प्यांपासूनच सुरू करू. वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मा कार्बन असतो. तो झाडाने हवेतून घेतलेला. लाकडाची चौकट केली तर तो पन्नास वर्षे घरात राहतो. चुलीत घातले तर संध्याकाळीच हवेत परत जातो. दगडी कोळसाही असाच, फक्त कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीत गाडला गेलेला. तो उकरून जाळला की हवेत नवी भर पडते. ही भर उष्णता धरून ठेवते आणि त्याचा पहिला फटका कोरडवाहू शेतकऱ्याला बसतो.

नोव्हेंबर 2021 मध्ये ग्लासगोच्या परिषदेत पंतप्रधानांनी जाहीर केले, की भारत 2070 पर्यंत 'नेट झीरो' होईल. म्हणजे निव्वळ शून्य. हवेत जेवढे सोडायचे तेवढेच परत शोषून घ्यायचे. हा सरळ जमाखर्च आहे. आणि जमाखर्चाची वही दुसऱ्याच्या हातात असली की काय होते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

आधी खर्चाची बाजू पाहू. सरकारच्याच आकड्यांप्रमाणे 2020 साली देशाने सुमारे 296 कोटी टन वायू हवेत सोडले. त्यातला तीन चतुर्थांश वाटा ऊर्जेचा : वीज, कारखान्यांचे इंधन, वाहने. शेतीचा सुमारे 14 टक्के. त्यातही मोठा भाग जनावरांच्या रवंथातून आणि पाण्यात उभ्या भातातून येणाऱ्या मिथेनचा. आपल्या ज्वारीत पाणी कुठे साचते? जमेच्या बाजूला जंगले आणि झाडे. त्यांनी सुमारे 52 कोटी टन शोषून घेतले. बाकी उरले 244 कोटी टन.

ही बाकी मिटवायची तर देशाला चार कामे करावी लागतील. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूरसारख्या केंद्रांतली कोळशाची वीज टप्प्याटप्प्याने कमी करून ऊन, वारा, पाणी, अणू यांची वीज आणायची आणि रात्रीसाठी ती साठवायची. वाहने आणि पंप त्या विजेवर चालवायचे. पोलाद, सिमेंट, खत यांचे कारखाने बदलायचे. आणि एवढे करूनही जे उरेल, ते झाडांत आणि मातीत मुरवायचे. पहिल्या कामाला जमीन लागते, चौथ्याला जमीन लागते. जमीन कोणाची? म्हणून ही वही आपल्या धुऱ्यापर्यंत येणार आहे.

पहिली नोंद उन्हाची. राज्याच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत खाजगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि दरवर्षी 3 टक्के वाढ ठरली आहे. पडीक तुकडा असेल तर जरूर द्या. पण भाड्याने द्या, विकू नका. आणि आपल्या वाहिनीवर दिवसा वीज मिळते की नाही, ते मोजा.

दुसरी नोंद पऱ्हाटीची. ती आपण धुऱ्यावर जाळतो. का? ती शेतात उभी ठेवली किंवा रचून ठेवली तर गुलाबी बोंडअळी तिच्यात दडते. 2017 साली त्या अळीने काय केले, ते इथे प्रत्येकाला आठवते. पऱ्हाटी शेताबाहेर जायलाच हवी, पण राख होऊन कशाला? तिचे तुकडे करून कांड्या केल्या तर त्या बॉयलरमध्ये कोळशाऐवजी जळतात. त्यातला कार्बन याच हंगामात हवेतून आलेला, म्हणून वहीत नवी भर पडत नाही. वाचतो तो कोळसा. ऑक्टोबर 2021 मध्ये केंद्राने औष्णिक केंद्रांना कोळशात 5 टक्के अशा कांड्या मिसळायला सांगितले. धोरण झाले, पण भाव केंद्राच्या फाटकावर ठरतो. उपटणी, तुकडे आणि वाहतूक धरून तो धुऱ्यावर ठरला पाहिजे. नाहीतर काडी पेटवणेच स्वस्त पडेल.

तिसरी नोंद मातीची, आणि इथे सावध राहा. 2023 मध्ये केंद्राने कार्बन क्रेडिटच्या व्यापाराची योजना आणली. उद्या गावात कोणी येईल आणि 'मातीतला कार्बन विका' म्हणेल. आपण हिशेब करू. एक हेक्टरातली वरची सहा इंच माती सुमारे 2,000 टन. सेंद्रिय कार्बन 0.1 टक्का वाढला तर 2 टन कार्बन, म्हणजे वायूच्या हिशेबात सुमारे 7.3 टन. टनाला 500 रुपये धरले तर 3,650 रुपये. तेही एका वर्षाचे नव्हेत. आपल्या उन्हात एवढी वाढ व्हायला अनेक वर्षे जातात. या पैशात कर्ज फिटत नाही. मग माती सुधारायची नाही का? सुधारायची, पण ओल धरावी म्हणून, पावसाच्या खंडात पीक तगावे म्हणून. युरियाही ओलीवर, दोन-तीन हप्त्यांत द्या. त्यातला जो नत्र नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो, तो वायू वजनास वजन सुमारे 270 पट तापदायक, आणि पैसा तुमच्याच खिशातला.

करारावर अंगठा उठवण्याआधी तीन प्रश्न विचारा. माती कोण मोजणार आणि त्या मोजणीचा खर्च कोणाचा? विकलेल्या टनामागे शेतकऱ्याला किती, मधल्याला किती? दुष्काळात कार्बन घटला, किंवा नांगर घालावा लागला, तर दंड कोणावर? उत्तर मराठीत, लेखी मिळाले नाही तर सही नाही.

देश शून्यावर यावा, हे आपल्याच हिताचे आहे. पण कोळशाची वीज ज्यांनी दिवसभर वापरली त्यांची बाकी, रात्री दोनला मोटार सुरू करायला उठणाऱ्याच्या नावे टाकता येणार नाही. आपण हवेचे देणेकरी नाही. मोल मिळाले तर जमेच्या बाजूचे पुरवठादार आहोत.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने दोन गोष्टी आणाव्यात : एका एकरातल्या वाळलेल्या पऱ्हाटीचे वजन, आणि एका शेताचा माती परीक्षणाचा कागद. आपली वही आपण लिहायला घेऊ.