कार्यानुभवाचा तास आणि आपले हात
(युवक शिबिरात केलेलं भाषण)



कविता वाचायला बोलावलंत, पण आज कविता खिशातच राहू दे. शाळेत हातकाम शिकवतात त्यावर बोलायचंय. मी मॅट्रिक झालेला गोदी कामगार. या विषयावर जाडजूड अहवाल लिहिणारे पुष्कळ आहेत. लिहू देत. ज्याचे हात रोज कामात झिजतात त्यानंही कधीतरी तोंड उघडलं पाहिजे.

कोठारी आयोगानं १९६४ ते ६६ च्या काळात शाळेत कार्यानुभव हवा असं सांगितलं. म्हणणं चांगलं होतं. पोरानं खरं उत्पादक काम करावं, त्याचा विज्ञानाशी सांधा जुळावा. आमच्या वर्गापर्यंत पोचेस्तोवर त्याचं झालं काय? क्रेप कागदाची फुलं. आइस्क्रीमच्या काड्यांचं घर. ज्याच्या बापाकडे काड्यांना पैसे, त्याला अ श्रेणी. आणि वर्ग झाडायचा झाला की झाडू कुणाच्या हातात जाणार, हे बाईंना सांगावंही लागत नव्हतं. तोही कार्यानुभवच म्हणा!

आता गोदीतलं ऐका. दोन टनांचा माल आहे. दोन पायांची स्लिंग लावायची, क्रेनच्या हुकात अडकवायची. स्लिंगचे पाय आडव्या रेषेशी साठ अंशांचा कोन करत असतील, तर एकेका पायावर साधारण साडेअकराशे किलो ताण येतो. स्लिंग आखूड पडली, पाय फाकले, कोन तीस अंशांवर आला, की प्रत्येक पायावर अख्खे दोन टन. माल तेवढाच, स्लिंग तीच. पण ती तुटते. आणि खाली कोण उभा असतो? ठेकेदार नसतो.

हे कुठून निघालं? साईन तीस बरोबर एक छेद दोन, यातून. ते आम्ही शाळेत घोकलं होतं. पण साईन तीस म्हणजे माणसाच्या डोक्यावर लटकणारं ओझं, हे ना गणिताच्या सरांनी सांगितलं, ना कार्यानुभवाच्या बाईंनी. सांगितलं टोळीतल्या एका म्हाताऱ्यानं. त्याला सहीसुद्धा येत नव्हती. दोन बोटं फाकवून म्हणाला, “एवढं पसरलं की मेलास.” त्याच्या हातात हुन्नर होता, त्याचं गणित सरांच्या फळ्यावर होतं. दोघं जन्मात एका खोलीत बसले नाहीत. कसे बसतील? जात म्हणजे नुसती कामाची वाटणी नाही, काम करणाऱ्यांचीच वाटणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या त्या करू न दिलेल्या भाषणात मांडलंच आहे.

म्हणून कुणी ‘शाळेत हस्तकला आणा’ म्हटलं की मी आधी विचारतो, कुणाच्या पोराला कुठली? १९३७ साली वर्ध्याला गांधींच्या पुढाकारानं शिक्षण परिषद भरली. सात वर्षं मोफत शिक्षण, मातृभाषेतून, आणि मधोमध एखादा हस्तोद्योग. पोरांच्या कामातून हळूहळू मास्तरांचा पगार निघावा, असाही विचार होता. सगळ्या जातींच्या पोरांनी टकळी धरावी, एवढं मला पटतं. पण टकळीच का? आपले लोक तोवर गिरणीत, रेल्वेत, गोदीत शिरले होते.

मद्रासला तर मुखवटाच गळाला. १९५३ साली राजाजींच्या सरकारनं खेड्यातल्या प्राथमिक शाळेचा वेळ तीन तासांवर आणला. उरलेल्या वेळात पोरानं घरचा धंदा शिकायचा. म्हणजे चांभाराच्या पोरानं चामडं कापायचं. अन् भटाच्या पोरानं? पेरियार, द्रमुकवाले रस्त्यावर उतरले. ‘हे कुलशिक्षण आहे’ म्हणून रान उठवलं. १९५४ ला राजाजी गेले, कामराज आले, योजना रद्द झाली.

जुनं झालं म्हणता? २०२३ ची पंतप्रधान विश्वकर्मा योजना घ्या. अठरा धंदे. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, धोबी. अवजारांना पैसे, स्वस्त कर्ज. हातावर पोट असलेल्या बापाला ते मिळू दे, माझं काही म्हणणं नाही. पण वयाची अट किमान अठरा! अठराव्या वर्षी पोरगं कॉलेजात पाहिजे. तमिळनाडूनं हेच मांडलं. वय पस्तीस करा, घराण्याच्या धंद्याची अट काढा. बदल झाला नाही, तेव्हा २०२४ मध्ये त्यांनी आहे त्या रूपात योजना नाकारली. त्यांना मद्रास आठवत होतं.

आता २०२० च्या धोरणात सहावी ते आठवीच्या पोरांना दहा दिवस बिनदप्तराचे आहेत. सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे जाऊन शिकायचं. जरूर शिकू दे. मलबार हिलचं पोरगं मोच्याच्या पेटीशेजारी बसून टाके घालू दे. आणि आपल्या पोराच्या हातात लेथ, ड्रॉइंग बोर्ड, मोजमापाचं साहित्य येऊ दे. इंग्लंडात मुलगा लाकूडकामाला अन् मुलगी स्वयंपाकाला अशी वाटणी सर्रास होती. १९९० पासून डिझाईन आणि टेक्नॉलॉजी हा विषय राष्ट्रीय अभ्यासक्रमात दोघांनाही आला. वस्तू आधी आखायची, मग बनवायची, मग ती कुठं कमी पडते ते तपासायचं. आपल्या शाळेत आखणारा एक, बनवणारा दुसरा, अन् तुटल्यावर मरणारा तिसरा.

शाळा करील तेव्हा करील. रविवारी सकाळी वस्तीतल्या आठवी-नववीच्या पोरापोरींना समाजमंदिरात घेऊन या. एक वीट, सुतळी, कोनमापक आणि दोन स्प्रिंगकाटे लागतील. काटे मी आणतो. सुतळी साठ अंशांवर धरायची, काटा वाचायचा, वहीत लिहायचं. मग तीस अंशांवर.